एकोणीस काठ्यांची वजाबाकी

डिझेल मी वर आणतो.
दोन घोडे, चार कॅन,
सारी-मुझ हिमनदीच्या पायथ्यापर्यंत नऊ तास.
म्हणून मला सगळं लिटरमध्येच कळतं.

बेगायिमला एक प्रोग्राम हवा होता, लहानसा.
बर्फात रोवलेल्या एकोणीस काठ्या
मागच्या सप्टेंबरात किती उघड्या होत्या, आज किती,
त्यावरून हिमनदी किती झिजली ते सांगणारा.
"अर्धा लिटर पुरेल, आके," ती म्हणाली.
मी जनरेटरची दोरी ओढली.

प्रोग्राम म्हणाला, येतो,
पण माझ्यासोबत आलेख काढणारा येईल.
येऊ दे, आलेख लागतोच.
आलेखवाल्याला खिडक्या उघडून देणारा हवा होता.
खिडक्यावाला अडून बसला अक्षरांपाशी:
थाई, आर्मेनियन,
आणि आता कुणीच बोलत नाही अशा एका भाषेचीसुद्धा.
मग छपाईचं सामान.
मग आवाजाचं.

"आवाज कशाला?"
या यंत्राचा स्पीकर उंदरांनी कधीच संपवला,
आणि प्रिंटर इथून सर्वांत जवळचा
काराकोलच्या बाजारात, लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे.
"मग नको म्हण ना त्यांना."
तिने पडदा माझ्याकडे वळवला.
खाली दोनच बटणं होती.
पुढे.
रद्द.

चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला,
हे एक वेळ समजतं,
मसाला निदान पोटात तरी जातो.
मी खोगिराच्या पिशवीत सुई टाकतो तेव्हा सुईच टाकतो.
सुई मला म्हणत नाही
शिंप्याला घे, त्याच्या मेव्हण्याला घे,
मेव्हणा गातो, त्याचा कोमुझ घे.
म्हणाली असती तर घोडा पहिल्याच चढाला बसला असता
आणि मी त्याला बोललोही नसतो.

छपरावरची तबकडी वारा आला की मान हलवायची.
चौतीस टक्के. चौतीस टक्के. एकतीस.
"उतरतं कसं गं हे?"
"तुटलं की मागून सुरू होतं."
रात्री अकराला पडद्यावर आलं: जागा अपुरी.
तिने माझ्याकडे पाहिलं,
मला काय ते समजलं.
माझे तीन सिनेमे गेले.
घोड्यांचासुद्धा.

मग तिने पेन्सिल काढली.
मी वही वाचत होतो, ती लिहीत होती.
काठी सहा, एकशे बारा.
काठी सात, एकशे तीस.
काठी आठ?
काठी आठ पडलीय. तिच्याखाली आता दगड आहेत.
ती जरा थांबली,
दगड, असं लिहिलं, आणि पुढची विचारली.
पलीकडे आर्मेनियन अक्षरं उतरत होती,
आणि आमचं गणित कुणालाच काही मागत नव्हतं,
मधे एकदा शिसाला टोक, तेवढंच.
दोनच्या सुमाराला आकडा आला.
उणे एक पूर्णांक चार.
तिने त्याखाली दोन रेघा मारल्या
आणि चहा नको म्हणाली.

सकाळी प्रोग्राम बसला.
आधी त्याने प्रिंटरची चौकशी केली,
मग बराच वेळ विचार करून सांगितलं:
उणे एक पूर्णांक चार तीन.
आणि कोपऱ्यात, बारीक पिवळ्या चौकटीत:
ध्वनी यंत्रणा सापडली नाही.

बेगायिम हसली, मग हसायची थांबली.
खाली ताश-बुलाकला माझ्या बहिणीची जर्दाळूची झाडं आहेत.
त्यांना लागतं ते पाणी,
पाण्याला लागतो हा बर्फ.
यातलं काय नको म्हणायचं
ते तिला विचारायचं होतं मला. विचारलं नाही.

साडेसहा लिटर गेलं.
रिकामे कॅन घोड्यांना बांधले आणि निघालो.
भरलेला कॅन मुकाट येतो.
रिकामा, उताराला, खोगिरावर आपटत,
खालच्या पुलापर्यंत बडबडत होता.